ब्रेक घट्ट का होतो? जुन्या डिझेल गाडीचा बूस्टर आणि व्हॅक्यूम यांची पारख



गळिताचा हंगाम तोंडावर आला की आपले सगळे लक्ष उसाकडे, पाण्याकडे आणि टोळीकडे लागते. गाडीकडे लक्ष जाते ते ती बंद पडल्यावर. इंजिन बंद पडले तर फार तर एक खेप बुडते. ब्रेकचे तसे नाही. ब्रेक बिघडला हे कळायची वेळ उतारावर आली, तर मग लक्ष देऊन उपयोग नसतो. म्हणून या लेखात आम्ही एकच विषय घेतला आहे : जुन्या डिझेल गाडीचे ब्रेक पेडल दगडासारखे घट्ट का होते, आणि त्याचे मूळ घरच्या घरी कसे शोधावे.

आपल्या बीड जिल्ह्याची ठेवण सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी, दक्षिणेला बालाघाटाचा डोंगरपट्टा. वरून खाली यायचे म्हणजे कुठे ना कुठे घाट लागतोच. धारूरहून तेलगावकडे उतरा किंवा मांजरसुंब्याहून बीडकडे या, गाडीत माणसे भरलेली, टपावर सामान, आणि पुढे वळण. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बायकापोरांसह याच रस्त्यांनी निघतात. अशा वेळी ब्रेकवर नुसता ड्रायव्हरचा पाय नसतो, पंधरा-वीस जिवांचा भार असतो.

हा लेख कोणत्या गाड्यांसाठी

आपल्याकडे अजून चालत असलेल्या जुन्या महिंद्राच्या डिझेल जीपा, कमांडर, ट्रॅक्स, १९८६ साली आलेली टाटा ४०७ आणि १९९४ साली आलेली सुमो, अशा गाड्यांचा हा विषय आहे. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले, पण गावोगावी त्या गाड्या आहेतच. आपल्या गाडीत बूस्टर आहे की नाही हे बोनेट उघडून पाहावे. ब्रेक ऑईलची डबी ज्या मास्टर सिलिंडरवर असते, त्याच्या मागे ताटाएवढा गोल पत्र्याचा डबा दिसला आणि त्याला एक जाड रबरी नळी आलेली असली, तर तोच बूस्टर. काही गाड्यांत तो चासीखालीही असतो.

मोठ्या ट्रकचे एअर ब्रेक ही वेगळी पद्धत आहे. तिथे दाबलेल्या हवेवर काम चालते. इथे त्याच्या उलट, हवा काढून घेतल्यावर काम होते. ट्रॅक्टरला तर बूस्टर नसतोच. म्हणून पुढील माहिती ट्रक-ट्रॅक्टरला लावू नये.

बूस्टर म्हणजे काय?

बूस्टर ब्रेक लावत नाही. ब्रेक लावतो आपला पाय. बूस्टर फक्त पायाला मदत करतो. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

त्या गोल डब्यात मधोमध एक रबरी पडदा असतो. पेडल मोकळे असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबले की पायाकडच्या बाजूचा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरची हवा आत येते. आता पडद्याच्या एका बाजूला हवेचा दाब आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. पडदा पुढे ढकलला जातो आणि तो मास्टर सिलिंडरचा दांडा रेटतो.

हवेत एवढे बळ कुठून आले, असे कुणी विचारील. सतराव्या शतकात जर्मनीतील माग्डेबुर्गच्या ओटो फोन गेरिके यांनी धातूचे दोन अर्धगोल एकमेकांवर बसवून आतली हवा काढून घेतली, आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपून ते ओढायला लावले. घोड्यांना ते सहजी सुटेनात. त्यांना कुणी चिकटवले नव्हते. बाहेरची हवाच त्यांना दाबून धरत होती. तीच हवा आपल्या बूस्टरमध्ये राबते.

हिशेब करून पाहा. नऊ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर भरते. व्हॅक्यूम २० इंच पारा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६९ किलो दाब मिळतो. म्हणजे एकूण २८० किलो. घर्षण वजा जाता अडीचशेच्या आसपास धरा. उसाने भरलेल्या पाच-सहा मोळ्यांचे वजन कुणी आपल्या पायाबरोबर पेडलवर टाकावे, तशी ही मदत आहे. व्हॅक्यूम निम्मे झाले की मदतही निम्मी. आणि ती मदत नाहीशी झाली की पेडल घट्ट लागते. ब्रेक गेलेला नसतो, पण तेवढ्याच ब्रेकसाठी कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

डिझेल गाडीला पंप का लागतो?

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटते आणि इंजिनाच्या ओढीने आपोआप व्हॅक्यूम तयार होते. डिझेल इंजिनात अशी झडप सहसा नसते. हवा मोकळी आत येते आणि कमी-जास्त होते ते फक्त डिझेल. म्हणून तिथे व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. पुष्कळ गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या, म्हणजे आपले ड्रायव्हर ज्याला डायनामो म्हणतात त्याच्या, पाठीला जोडलेला असतो. काही गाड्यांत तो इंजिनाच्या गिअरवर किंवा कॅमवर चालतो.

ज्या गाडीचे इंजिन मागे कधी बदलले आहे, तिच्या मालकाने हा पंप बसवलेला आहे ना, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. बूस्टर आहे पण पंप नाही, अशी गाडी म्हणजे मोटेला बैल नाहीत असे झाले.

विहिरीवरच्या पंपाचाच हा हिशेब

हा सगळा प्रकार आपल्याला नवा नाही. विहिरीवरचा पंप पाणी ओढत नाही तेव्हा आपण काय करतो? लगेच नवी मोटर आणत नाही. आधी पट्टा घसरतो का ते बघतो, मग ग्लँड, मग सक्शन पाईपचे सांधे, मग तळाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे आपण ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतो तो. पाईपला केसाएवढी चीर असली तरी पंप हवा घेतो आणि पाणी चढत नाही.

ब्रेकच्या व्हॅक्यूमची साखळी तशीच आहे : पट्टा, पंप, पंपाला जाणारे इंजिन ऑईल, रबरी नळी व तिचे सांधे, एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह, काही गाड्यांत एक साठवण टाकी, आणि सगळ्यात शेवटी बूस्टर. एकदिशा व्हॉल्व्ह म्हणजे या साखळीतला ‘फुटबॉल’. इंजिन थांबल्यावर बूस्टरमधले व्हॅक्यूम परत जाऊ नये, हे त्याचे काम.

पण होते काय? पेडल घट्ट झाले की पुष्कळ ठिकाणी पहिला घाव बूस्टरवर पडतो. साखळीतली सगळ्यात महाग वस्तू बदलली जाते, गाडी परत येते आणि पेडल जसेच्या तसे घट्ट. दोष असतो एखाद्या चिरलेल्या नळीत किंवा ढिल्या पट्ट्यात. म्हणून आमचे सांगणे असे की, आधी तपास आणि मग खरेदी.

पेडल काय सांगते ते आधी ओळखा

प्रत्येक ब्रेकचा बिघाड बूस्टरचा नसतो. पेडलची तक्रार कोणती आहे, यावरून अर्धे निदान होते.

पेडल घट्ट, खाली जात नाही, जोर फार लागतो : व्हॅक्यूमकडे किंवा बूस्टरकडे पाहा.

पेडल स्पंजासारखे मऊ, दोन-तीनदा मारल्यावर वर येते : ब्रेक ऑईलच्या पायपात हवा आहे किंवा लायनर झिजून अंतर वाढले आहे.

पेडल दाबून धरले की हळूहळू खाली जाते : मास्टर सिलिंडरच्या वॉशरमधून किंवा कुठेतरी बाहेर ऑईल गळते आहे.

गाडी एका बाजूला ओढते : चाकाकडचा दोष. व्हील सिलिंडर, लायनर किंवा ड्रमवर तेल पाहा.

लांब उतारानंतर वास येतो आणि ब्रेक धरत नाही : ड्रम तापले आहेत, किंवा जुन्या ब्रेक ऑईलला उकळी फुटली आहे. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढते. डॉट-३ जातीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरलेल्या ऑईलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १४० अंश आहे. म्हणून डबी भरलेली दिसली तरी जुने ऑईल बदलावे लागते.

घरच्या घरी चार तपासण्या

गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढे-मागे दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा. बोनेटखाली वाकताना धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर पट्ट्यापासून दूर राहील असे पाहा. तपासणीला दोन माणसे असावीत.

*तपासणी पहिली.* इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. आतले साठलेले व्हॅक्यूम संपेल आणि पेडल घट्ट होईल. आता पेडलवर बेताचा पाय ठेवून इंजिन चालू करा. बूस्टर काम करत असेल तर पेडल पायाखाली थोडे खचते. काहीच हालचाल झाली नाही, तर एकतर व्हॅक्यूम तिथे पोचत नाही किंवा बूस्टर निकामी आहे.

*तपासणी दुसरी.* इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा. पेडलला हात-पाय न लावता पाच मिनिटे थांबा. मग पेडल दाबा. पहिला दाब नेहमीसारखा हलका लागला, दुसरा-तिसरा चढत्या क्रमाने घट्ट होत गेला, तर व्हॅक्यूम टिकते आहे. पहिलाच दाब घट्ट लागला तर व्हॅक्यूम निसटते आहे. एकदिशा व्हॉल्व्ह, त्याच्या बुडाचे रबरी वायसर आणि बूस्टर यांवर संशय घ्या.

*तपासणी तिसरी.* इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा. तसेच धरून ठेवून दुसऱ्या माणसाकडून इंजिन बंद करवा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल जागच्या जागी राहिले पाहिजे. ते पाय वर ढकलू लागले तर बूस्टरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये गळती आहे. ते खाली जाऊ लागले तर दोष ऑईलच्या बाजूचा, मास्टर सिलिंडरचा. बूस्टरला दोष देऊ नका.

*तपासणी चौथी.* इंजिन चालू ठेवून पेडलच्या मुळाशी कान द्या. दाबताना क्षणभर ‘फुस्स’ असा आवाज येणे ठीक आहे, ती हवा आत जाते. पाय स्थिर धरल्यावरही आवाज चालूच राहिला, किंवा पेडल मोकळे असतानाही ‘स्स्स’ ऐकू आले, तर आतला व्हॉल्व्ह किंवा पडदा फाटला आहे.

साखळी क्रमाने कशी तपासावी

वरच्या तपासणीत दोष दिसला की आता नेमकी जागा शोधायची. त्यासाठी व्हॅक्यूम गेज मिळाले तर फार चांगले. ते फार महाग नसते. चार-पाच शेजाऱ्यांत मिळून एक घेतले तरी चालते.

पट्टा : पंप अल्टरनेटरवर असेल तर आधी पट्टा बघा. ढिला, चकाकणारा किंवा चिरलेला पट्टा घसरतो. चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो आणि ब्रेकही घट्ट लागतो, अशा दोन तक्रारी एकदम आल्या तर शंका पट्ट्याचीच घ्यावी. पट्टा तुटला तर चार्जिंग जाते, व्हॅक्यूम जाते, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिनही तापते. म्हणून एक जादा पट्टा गाडीत ठेवावा.

पंप : इंजिन सावकाश चालू ठेवून पंपापासून निघणारी जाड नळी काढा आणि पंपाच्या तोंडाला थेट गेज लावा. मिनिटभरात काटा साधारण २२ ते २५ इंचांवर यावा. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे ३० इंच पारा असतो आणि दर हजार फूट उंचीला तो इंचभर कमी होतो. बालाघाट दोन हजार फुटांच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे काटा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा एक-दोन इंच मागे राहिला तर घाबरू नये. पण तो १८ इंचांच्या खाली राहिला, किंवा वर यायला फार वेळ लागला, तर पंप कमजोर आहे. गेज नसेल तर तोंडावर अंगठा ठेवा. चांगली ओढ अंगठ्याला घट्ट धरते. अंगठ्यावरून आकडा कळत नाही, पण पंप मेला आहे की जिवंत, एवढे कळते.

पंपाचे ऑईल : अल्टरनेटरवरच्या पंपाला इंजिनातून एक बारीक नळी ऑईल नेते आणि एक जाड नळी ते परत चेंबरमध्ये सोडते. बारीक नळी गाळाने चोंदली तर पंपातली पाती कोरडी घासून झिजतात. जाड नळी चेपली तर ऑईल पंपात तुंबते आणि व्हॅक्यूमच्या नळीत किंवा अल्टरनेटरमध्ये शिरते. इंजिन ऑईल वेळेवर न बदलणे ब्रेकलाही भोवते ते असे. नवा पंप बसवताना या दोन्ही नळ्या साफ केल्या नाहीत, तर नवा पंपही जुन्याच्या वाटेने जातो.

नळी : पंपाला ओढ आहे पण बूस्टरच्या टोकाला नाही, म्हणजे वाटेत दोष. नळी पूर्ण लांबीभर वाकवून चिरा पाहा, विशेषतः इंजिनाच्या गरम भागाजवळ आणि क्लिपांखाली. एक दोष फसवा असतो. नळीचा आतला थर सुटतो, इंजिन गरम झाले की नळी ओढीने आत मिटते आणि पेडल घट्ट होते. गाडी थंड झाली की सगळे ठीक. ‘घाटात घट्ट, घरी चांगला’ अशी तक्रार असली तर ही नळी बदलून पाहावी. तिच्या जागी फवारणी पंपाची, ठिबकची किंवा पाण्याची नळी कधीही लावू नका. त्या नळ्या आतून बाहेर येणाऱ्या दाबासाठी असतात. ओढीखाली त्या चपट्या होतात. व्हॅक्यूमसाठीची जाड भिंतीची नळीच घ्यावी.

काही गाड्यांत या नळीला फाटा काढून दुसऱ्या एखाद्या कामाला व्हॅक्यूम नेलेले असते. तो फाटा तात्पुरता बंद करून पुन्हा गेज पाहा. काटा लगेच वर आला तर गळती त्या फाट्यावर आहे.

एकदिशा व्हॉल्व्ह : तो काढून तोंडाने फुंकून पाहा. बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा पंपाकडे गेली पाहिजे, उलट बाजूने अजिबात नाही. दोन्हीकडून हवा गेली तर तो निकामी. बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा पंपाकडे आहे ना हे पाहावे. उलटा बसला तर बूस्टरला ओढच मिळत नाही.

साठवण टाकी : असली तर बहुधा चासीजवळ असते. शेतातल्या चिखलामुळे तिचा बुडाचा पत्रा गंजतो. टाकीला जाणारी नळी बंद करून काटा चढतो का ते पाहा.

बूस्टर : वरचे सगळे ठीक निघाले आणि तरी पहिली किंवा तिसरी तपासणी नापास झाली, तरच बूस्टर उघडा किंवा बदला. आणखी एक खूण आहे. ब्रेक ऑईल सारखे कमी होते, पण चाकाशी किंवा पायपाला कुठे ओल नाही. अशा वेळी मास्टर सिलिंडरचे नट काढून तो पुढे सरकवा आणि मागच्या बाजूला पाहा. तिथे ओल असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या वॉशरमधून ऑईल बूस्टरमध्ये ओढले जाते आहे. त्याने पडदा खराब होतो आणि ते ऑईल पंपावाटे इंजिन ऑईलमध्येही जाऊ शकते. अशा वेळी नुसता बूस्टर बदलून भागत नाही. आधी मास्टर सिलिंडर दुरुस्त करावा.

पेडलच्या दांड्याजवळ बूस्टरची हवा आत घेणारी छोटी गाळणी असते. उसाच्या फडातली आणि पाणंदीतली धूळ तिथे बसते, मग मदत उशिरा मिळते. तीही झटकून साफ करावी किंवा बदलावी.

एक उदाहरण

समजा, एका सभासदाची जुनी जीप आहे. तक्रार अशी की गावात ब्रेक चांगला, पण उतारावर तीन-चार वेळा दाबल्यावर पेडल घट्ट. पहिली तपासणी पास, दुसरीही पास. म्हणजे बूस्टर शाबूत आहे आणि व्हॅक्यूम टिकतेही. मग कमी काय पडते? भरपाईचा वेग. उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो, दर दाबाला व्हॅक्यूम खर्च होते, आणि तेवढ्या वेगाने पंप ते भरून काढत नाही. गेज लावले तर काटा २२ वर येतो, पण यायला पुष्कळ वेळ घेतो. पट्टा ताणल्यावर तो झपाट्याने चढला, तर दोष पट्ट्याचा. नाही चढला तर पंपाच्या पात्यांचा. विहिरीला झरा बारीक असला की पाणी उपसल्यावर थांबावे लागते, तसेच हे. इथे नवा बूस्टर घातला असता तर पैसे गेले असते आणि धोका तसाच राहिला असता.

दुरुस्ती करताना

बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर बदलल्यावर मधल्या दांड्याची लांबी बरोबर आहे का, हे मिस्त्रीला आवर्जून विचारा. दांडा जास्त लांब राहिला तर पाय काढल्यावरही ब्रेक थोडा धरून राहतो, ड्रम तापतात आणि पाच-दहा किलोमीटरवर चाके जाम होतात. काम झाल्यावर गाडी थोडी फिरवून चारही चाकांना लांबूनच हाताचा शेक घेऊन पाहावा.

ब्रेकच्या डबीत इंजिन ऑईल, गोडेतेल किंवा डिझेल चुकूनही टाकू नये. आतले रबर फुगते आणि सगळे वॉशर एकदम जातात. बदललेली जुनी वस्तू मिस्त्रीकडून मागून घेऊन पाहावी, म्हणजे दोष कुठे होता हे आपल्यालाही कळते.

घाटात काय करावे, काय करू नये

आता सगळ्यात महत्त्वाचे. डिझेल वाचवायचे म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय पुष्कळांना आहे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. मग साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब मिळतात, आणि चौथ्या वळणाला पेडल दगड होते. चावी काढली गेली तर ज्या गाड्यांत लॉक आहे तिथे स्टिअरिंगही अडकते. न्यूट्रलमध्ये उतरण्यातही फायदा नाही. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडतोच; उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल जळत राहते. शिवाय गिअरमधले इंजिन गाडीला मागे धरून ठेवते, ते बळ फुकटचे. ज्या गिअरने घाट चढावा लागतो त्याच गिअरने तो उतरावा, हा जुना नियम आजही खरा आहे.

उतारावर पेडल अचानक घट्ट झाले तर इंजिन बंद करू नका. पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, त्याने उरलेसुरले व्हॅक्यूम संपते. दोन्ही पायांनी एकदाच दाबा आणि धरून ठेवा. ब्रेक लागतो, फक्त जोर जास्त लागतो. एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. पेडल घट्ट न होता सरळ तळाला गेले, तर मात्र गोष्ट उलटी. तिथे ऑईलचा दोष असतो, तेव्हा पेडल भराभर मारावे. घट्ट असेल तर दाबून धरा, तळाला गेले तर मारत राहा. हे आपल्या ड्रायव्हरकडून तोंडपाठ करून घ्या.

पेडल घट्ट झालेली गाडी त्या दिवशी पुढे नेऊ नये. माणसे तिथेच उतरवावीत आणि दुसरी सोय करावी. खेप दुसऱ्या दिवशीही करता येते.

हंगाम सुरू होण्याआधी एका सकाळी आपल्या गाडीवर या चार तपासण्या कराव्यात, आणि गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात असेल तर त्याच्यासमोर कराव्यात, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे. त्याला लागतात दोन माणसे आणि अर्धा तास. टोळीसाठी भाड्याची गाडी घेताना भाव ठरवण्याआधी पहिली तपासणी तिथल्या तिथे करून पाहावी. पेडल पायाखाली खचले नाही, तर ती गाडी घेऊ नये.